माझ्या तीन सॅम्पलरांचे स्वभाव

४ जून
ताईच्या नृत्यवर्गाचा कार्यक्रम महिनाअखेरीला. संगीत मी करणार. ती नेहमीच्या वादकाला सांगणार होती, मी अडवलं. घरात तीन सॅम्पलर धूळ खात असताना बाहेरचा माणूस कशाला? ताईचे डोळे भरून आले. आनंदाने असावेत.
आधी तिघांतला कोण या कामाला योग्य, ते ठरवायचं. चार दिवसांत उरकेल.

५ जून, सकाळी
बायकोला सॅम्पलर समजावला. कुठलाही आवाज पकडून आत ठेवायचा आणि बटण दाबलं की हवा तसा वाजवायचा. म्हणाली, म्हणजे टेप. कुणाकुणाशी वाद घालायचा?

९ जून
स्वयंपाकघरातल्या टेबलावर थाप मारून तिघांत भरली. निष्कर्ष:
जुना राखाडी: खरखरीत, पण मायाळू. आजोबांनी पाठीवरून हात फिरवावा तसा.
काळा: स्वच्छ, काटेकोर. बँकेतला कॅशियर.
नवा चपटा: गोड बोलतो, आत काही नाही. आमचे साहेब.
बायकोला तिन्ही थापा ऐकवल्या. म्हणाली, हात काढ, टेबल पुसायचंय.

१४ जून
ताईचा फोन. एक तरी तुकडा पाठव, मुली माझ्या टाळ्यांवर नाचतायत. म्हटलं, उत्तम, पाया पक्का होईल. तिने फोन ठेवला. रेंज गेली असणार.

२० जून
आज कसोटी. मी डोळ्यांवर रुमाल बांधून बसलो, बायको बटणं दाबत होती, मेहुणा साक्षीदार. एकदाही अडखळलो नाही. राखाडी! चपटा! काळा! परत राखाडी! मेहुणा हसून हसून खुर्चीवरून घसरला. रुमाल सोडल्यावर बायको म्हणाली, "अरे, मी काळाच दाबत होते. बाकी दोघे मला चालूच करता येईनात."
मी थोडा विचार केला. म्हणजे माझा कान इतका तयार झालाय, की मला काळ्यातही राखाडी ऐकू येतो. हे फार थोड्यांना जमतं.

२६ जून
राखाडीवर ठेका केला. सुंदर. पण सभागृहात त्याच्या आवाजाची ऊब जास्त होईल. काळ्यावर परत केला. कोरडा वाटला. दोन्ही पुसले. उद्या चपटा.

२९ जून
कार्यक्रम उद्या. ताईला कळवलं: संगीत डोक्यात पूर्ण तयार आहे, फक्त यंत्र ठरायचंय. म्हणाली, "राहू दे रे. तू नुसता ये." किती समजूतदारपणे बोलली! माझ्यावर भरवसा आहे तिचा.

३० जून
तिन्ही यंत्रं उराशी धरून सभागृहात पोचलो. मंचावर नेहमीचा वादक वाद्यं जुळवत बसलेला. चौदा तारखेलाच ताईने त्याला सांगितलं होतं म्हणे. मुलींचा सरावही त्याच्याबरोबरच झालेला. मुली छान नाचल्या. एकही पाऊल चुकलं नाही. वाईट इतकंच वाटलं, की माझी उणीव कुणालाच जाणवली नाही.
मध्यंतरात ताई धावत माझ्याकडे आली. बाजूचं दार वाऱ्याने सारखं आपटत होतं. तिने घाईघाईने विचारलं, "तुझ्या तिघांत जड कुठला?"
राखाडी, मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो.
तिने तो दाराला लावला. दार हललं नाही.