उजळलेली पट्टी

दौंड, ५ जानेवारी २०२५

चि. तहमीना हीस,
मुजीबमामूचा दुवा-सलाम. इकडे सर्व खुशाल. मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

हैदराबादच्या गाडीसाठी मुक्कामाला आलीस, घर भरल्यासारखं वाटलं. ती हातभर पट्टी तू किती हौसेनं दाखवलीस! आधी नखाएवढ्या तुकड्यावर जमायचं, आता एवढ्या लांबीवर सलग थर बसला. कडाक्याच्या थंडीत त्यातून वीज जराही वाया न जाता वाहते. हैदराबादची तपासणी पार पडली की मोठं मशीन तुझ्या ताब्यात. सगळं ऐकलं. पण पोरी, आपण कल्हईवाले. थर काळा कसा चालेल? तुमच्या मशीननं आच जास्त दिली असणार! तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात चिंच-राख लावून पट्टी अशी घासली, की तोंड दिसावं. गंमत म्हणून बोललो नाही.

साहेबलोक काय म्हणाले ते कळव. मामूवर माया ठेव.

तुझा
मुजीबमामू

शिरूर, १९ जानेवारी

ती. मुजीबमामूंस,
तहमीनाचा सलाम, वि. वि.

पट्टी पाहून सगळे थक्क झाले. हे काम कुणाचं, असं विचारत होते. मी तुमचं नाव सांगितलं नाही, नाहीतर तुम्हालाच पळवून नेतील!

हल्ली मला मशीनवरून काढून ऑफिसात बसवलंय. थर आता दुसरी माणसं चढवतात. सावलीतलं काम, तेव्हा ईदला निवांत येईन. गुडघ्याला तेल लावत जा. मामीला सलाम. आहे तशीच माया असू द्या.

तुमची
तहमीना

दौंड, ९ फेब्रुवारी

चि. तहमीना हीस,
दुवा.

शाकीर परवा तुमच्या कंपनीत माल पोचवून आला. म्हणाला, आब्बा, तो काळा थरच खरा माल व्हता, तुम्ही तोच घासून काढला, आन् तहमीनानं समदं आपल्या अंगावर घेतलं. हैदराबादला पट्टी बाहेर काढलीस तेव्हा तुझं काय झालं असेल, पोरी? तुझं पत्र मी चौकात वाचून दाखवलं, यवतच्या व्याह्यांनासुद्धा. आता भट्टीपुढे बसतो, पण कल्हईला हात उठत नाही.

त्याहून एक गोष्ट जिवाला जास्त लागते. लहानपणी माझा भाता फोडून वर मलाच उलट बोलायचीस, एवढा तुझा हक्क होता. या खेपेला शाबासकी दिलीस, पाहुण्याला देतात तशी. चार शिव्या घातल्या असत्यास, तर मामू राहिलो असतो.

माया मागत नाही. राग आला असेल, तो तरी लिहून पाठव.

मुजीबमामू