टॅबीचा ताबा

बीव्हर फोर्ड, विस्कॉन्सिन
३ फेब्रुवारी १८५७

चि. रूबेन यास हुल्डाताईचे अनेक आशीर्वाद.

आमदारसाहेब मॅडिसनच्या खानावळीतल्या उकडलेल्या कोबीला कंटाळले, हे वाचून हसू आलं. घरी माझ्या कोबीलाही नाकं मुरडायचास!

माझा जोएल जाताना टॅबीचा ताबा मृत्युपत्रात आपल्या थोरल्या भावाला, ऑर्सनला, देऊन गेला. न्यायाधीश म्हणाले, बापाचा शब्द अखेरचा, आईला त्यात बोलता येत नाही. आता माझी पोर मला फक्त रविवारी चर्चमध्ये दिसते, ऑर्सनच्या बाकावर.

तू हा कायदा बदलायचं विधेयक मांडणार म्हणतोस. ऑर्सन पक्षाचा इथला म्होरक्या. त्याने पाठीवरचा हात काढून घेतला की तुझी आमदारकी गेली. तरी मांड. घाबरू नकोस असं म्हणत नाही. घाबरत घाबरत मांड.

माया आहेच, धीरही असू दे.
हुल्डा

मॅडिसन
२६ फेब्रुवारी

ती. हुल्डाताईस,
सा. न. वि. वि.

विधेयक मंजूर झालं! मृत्युपत्र करून पोरं आईपासून तोडायचा बापाचा अधिकार संपला. एक म्हातारा सभासद म्हणाला, उद्या बायका नांगरही मागतील. मी म्हटलं, वडील गेल्यावर ताईने नांगर धरला, म्हणूनच मी आज इथे उभा आहे. सभागृह हसलं आणि हसता हसता आमच्या बाजूला आलं.

पण पुरतं नाही. आधीच्या मृत्युपत्रांना हा कायदा लागू नको, अशी अट घालूनच शेवटची मतं मिळाली. मी कबूल झालो. बाकीच्या आयांना मिळालं, तुला नाही. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
तुझा रूबेन

बीव्हर फोर्ड
९ मार्च

चि. रूबेनला आशीर्वाद.

रागावले. चांगली दोन दिवस रागावले. मग तुझं पत्र घेऊन ऑर्सनकडे गेले आणि त्याच्या बायकोसमोर मोठ्याने वाचलं. मर्सीने त्याला विचारलं, माझी पोरं आता कुणी नेऊ शकत नाही ना? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग हुल्डाची पोर आपल्या घरात काय करतेय? ऑर्सन उठून गोठ्याकडे गेला. मर्सीने टॅबीच्या टोपीचे बंद बांधले आणि स्वतः बर्फावरची घसरगाडी जुंपून आम्हा दोघींना घरी सोडलं.

ऑर्सन सांगत फिरतोय की पुढच्या खेपेला तुला उमेदवारी नाही. टॅबी म्हणते, मग मामा लवकर घरी येईल, बरंच झालं.

दोघींचा लोभ घेऊन ये.
हुल्डा