छतावरचा दुसरा एसी

मुक्काम कॅथरीन गाव, मंगळवार

लाडक्या ग्लेनिस,

जिंकलो! क्लाइव्हने आमच्या फिरत्या घराच्या, मोटरहोमच्या छतावरची हवेची खिडकी काढून तिथे दुसरा एसी बसवला. बाहेर एक्केचाळीस, आणि आमच्या झोपायच्या खोलीत चक्क गारठा!

आनंदाच्या भरात मी विजेची किटली लावली आणि फ्यूज उडाला. “बाईसाहेब, एसी हवा की चहा?” क्लाइव्ह ओरडला. आता चहा गॅसवर.

गुडघे कसे आहेत तुझे? गाडी विकायचं नाव पुन्हा काढू नकोस. क्लाइव्हच्या ऑपरेशननंतर उकाड्याने त्याचा डोळाच लागत नव्हता, तुला कळवलं नव्हतं. आज भरदुपारी पांघरूण ओढून असा घोरतोय, की शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी विचारलं, “नव्या एसीचा एवढा आवाज?”

म्हटलं, “हो. राहू दे चालू.”

तुझी हट्टी थोरली,
नोरीन