चौथा रकाना

तीर्थस्वरूप मामास,

भाचीचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि दुरुस्तीच्या दुकानात तू चष्मा लावूनच सोल्डरिंग करतोस ना? (हे पदवीधर म्हणून नाही, भाची म्हणून विचारते.) पहिल्या पगारातून पाठवलेला आमच्या कंपनीचा स्पीकर छान वाजतोय, असं तू फोनवर म्हणालास. त्या एका वाक्यावर मी महिना काढला.

मी बरी आहे. म्हणजे दमले आहे, पण ताप वगैरे नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगतात की पोरगी संशोधन करते. ते संशोधन असं: ग्राहकांनी परत पाठवलेले स्पीकर आणि इअरफोन खोक्यातून काढायचे, उघडायचे आणि कशाने मेले ते फॉर्मवर लिहायचं. फॉर्मवर रकाने तीनच. पाणी गेलं, खाली पडला, ग्राहकाने नीट वापरला नाही. आता इअरफोनची वायर पिनेच्या गळ्याशीच तुटते, कारण तिथे आधाराला द्यायचं रबर कंपनीने वाचवलेलं असतं. स्पीकरचं चार्जिंगचं तोंड सोल्डरच्या दोन थेंबांवर उभं असतं, ते तिसऱ्या महिन्यात दुधाच्या दातासारखं हलायला लागतं. आतला डिंक उन्हात सुटतो, कपॅसिटर पोट फुगवून बसतात. हे सगळं कुठल्या रकान्यात घालायचं? मी पट्टी घेतली आणि सरळ रेघ मारून चौथा रकाना आखला: ‘आपली चूक’. कंपनीला आनंद होईल असं मला खरंच वाटलं होतं. (हसू नकोस. कॉलेजात प्रामाणिकपणावरच्या निबंधाला बक्षीस मिळालेली मुलगी आहे मी.)

महिनाअखेरीस बेरीज केली. पाणी दोन, पडलेला एक (त्याच्यावरून स्कूटर गेली होती, तरी बिचारा अर्धा वाजत होता), चौथ्या रकान्यात दोनशे सहा. शेजारच्या टेबलावरच्या बाई बावीस वर्षं सगळ्यांपुढे ‘पाणी’ लिहितात. हवेत ओल असतेच की गं, म्हणाल्या, त्यात खोटं काय? त्यांचा रक्तदाब उत्तम आहे.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बसवलं, चहा मागवला आणि अगदी मायेने म्हणाले, “बाळ, चूक आपलीच आहे, तर ती लिहून कशाला ठेवायची?” मग सांगितलं, शनिवारपर्यंत सगळे फॉर्म तीन रकान्यांत बसवून सही कर. सही केली तर नोकरी पक्की, नाही केली तर शनिवार शेवटचा. घरी यातलं काही बोलले नाही. बाबांनी माझी पदवी चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे. खिळा ठोकताना पोपडा निघाला, म्हणून चौकट वीतभर खाली घेऊन तो झाकला. रोज सकाळी ती चौकट बघून मी कामाला निघते. तेव्हा निम्मे फॉर्म बदलून झाले आहेत. हात चालतोय, काळजी नसावी. मामीला नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझी भाची

ता. क. तुझ्या दुकानात ते दुसरं स्टूल अजून रिकामं आहे का? पाठ टेकायला काही नसलं तरी चालेल.

ता. क. २. आज सकाळी खोक्यातून एक स्पीकर निघाला. पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या दुकानासमोरच्या शिंपीकाकांचं नाव, पण तळाचा नंबर मी तुला पाठवलेल्या स्पीकरचा. उघडला तर बॅटरी उशीसारखी फुगलेली, पण चार्जिंगच्या तोंडाशी सोल्डरचे नवे डाग, मोहरीसारखे गोल आणि चकचकीत. बॅटरीच्या वायरीच्या गळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर दोऱ्याच्या दोन गाठी. त्या गाठी मला तूच शिकवल्यास, मामा. आमच्या कारखान्यात एवढी माया कोणी लावत नाही. मला कळू नये म्हणून दुसऱ्याच्या नावाने परत पाठवलास, आणि फोनवर छान वाजतोय म्हणालास ना?

ता. क. ३. तुझा फॉर्म भरला. चौथ्या रकान्यात. बदललेले फॉर्मही परत पहिल्यासारखे केले आणि सगळ्यांवर सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. रविवारी तुझ्याकडे येते. त्याआधी बाबांना तेवढं तू सांग. आणि सगळं छान चाललंय, असं सांगू नकोस.