विंगेतून दिसलेली नाटकं

आई,
तुला नमस्कार. बाबांनाही, घेतला तर.

या महिन्यात इथे येऊन कोणतं नाटक बघावं, असं तू विचारलंस आणि माझी पंचाईत झाली. मी रोज पडदा ओढतो, पण एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. विंगेतून मला नटांचे कान आणि पाठी तेवढ्या दिसतात.

म्हाताऱ्याच्या नाटकाला लोक ढसाढसा रडतात. पण तो मरून पडला की माझ्याकडे तोंड करून डोळा मारतो. मग ते दुःखी म्हणू की विनोदी? दुसऱ्या एका नाटकाला हशा पिकतो आणि त्यातली नायिका आत येऊन रडते. मला तर काही उमगेनासं झालंय.

खांदा बरा आहे. हल्ली दोर डाव्या हाताने ओढतो, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत? इथे जिने फार.

"नाटक्याचं तोंड बघणार नाही" म्हणाले होते बाबा. अजून तेच का? तसं असेल तर मी इथे आहे हे सांगू नकोस, नुसतं त्यांना इथल्या तिसऱ्या, राजाच्या नाटकाला घेऊन ये. ते चांगलं की वाईट, देव जाणे. पण त्याच्या शेवटी आम्हा पडदेवाल्यांनाही नमस्काराला पुढे बोलावतात.

तेव्हा तू माझ्याकडे बघू नकोस, बाबांकडे बघ. दिवे डोळ्यांवर असतात, मला समोरचं काही दिसत नाही. त्यांनी टाळी वाजवली की नाही, ते मला नंतर सांग.

तुझा,
धाकटा