कंप्युटरची किल्ली

आई, बाबा,

आपल्या टायपिंगच्या दुकानातल्या कंप्युटरला व्हायरस कोण आणतं, हे तुम्हाला खरंच माहीत नाही? "हिंमत असेल तर घरी विचार," असं मैत्रिणी म्हणाल्या. तोंडावर नाही जमलं, म्हणून चिठ्ठी.

ऋषीमामाच्या गेमच्या फ्लॉपीतूनच येतो तो. भाऊ म्हणून आई गप्प, मेव्हणा म्हणून बाबा गप्प. काल सारसोळ्याच्या विमलबाई लेकीची लग्नपत्रिका न्यायला आल्या, तर व्हायरसनं दुसऱ्यांदा सगळं पुसलेलं. बाबा म्हणाले, "लाइट गेली होती हो." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तं व्हती." बाबा, मला तुमच्याकडे बघवेना.

पहाटे दुकान उघडून मी पत्रिका परत टाइप केलीय. बोटं पार दुखताहेत. प्रिंट टीव्हीवर ठेवलीय, ती त्यांना द्या आणि या वेळी खरं सांगा.

मामाशी भांडायचं त्राण माझ्यात नाही, तुमच्यात तर नाहीच. पण फ्लॉपी तपासायला मला आता झकास येतं. म्हणून कंप्युटरच्या डब्यावरचं कुलूप लावून किल्ली मी शाळेत घेऊन जातेय. आजपासून मी तपासल्याशिवाय कुणाचीच फ्लॉपी आत जाणार नाही, मामाचीसुद्धा. तो चिडला तर माझं नाव सांगा.

क्षिप्रा