रिकाम्या हाताला झेंडू

बाबा,

काल अकोल्याच्या दवाखान्यात एका बाईचा उजवा हात खांद्याच्या वर गेला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांवर आम्ही बनवलेला व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा होता आणि चष्म्यात तोडणीला आलेलं झेंडूचं वावर. चष्मा काढला तशी ती चिडलीच, "कावून काढलं वो? अर्धी ओळ राह्यली ना अजून!" आम्ही सगळे हसलो. तिचा नवरा मात्र ढसाढसा रडत होता.

लकव्याने तुमचा हात गेला तेव्हा मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत अकोल्याला उतरून बाळापूरची एसटी धरून घरी यायचे आणि तुमच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. तुम्ही ओसरीत बसलेले, आई बाजारासाठी फुलांचे हार ओवते आहे, आणि तुम्ही माझ्यावर खेकसता, "रिकामा हात काय हालवून राहिली? हाताले काम पायजे, पोरी!" ते काम मला देता येण्याआधीच तुम्ही गेलात. तुमचं वाक्य घेऊन मी परदेशी शिकायला गेले.

माणसाचं आणि संगणकाचं एकमेकांशी कसं जमावं, हा माझा विषय झाला. आभासी जगात हात घालू पाहणारी माणसं तेव्हा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. एका परिषदेत माझं काम पाहून एक थोर प्राध्यापक म्हणाले, "खेळणं छान आहे." ते खेळणं घेऊन मी अकोल्याला आले आणि सपशेल आपटले. चष्म्यात दिसणारे रंगीत चेंडू टोपलीत टाकायचे होते. म्हाताऱ्यांनी चष्मे बाजूला सारले, "आमी का आता पोट्टे हाव?" मग मी चेंडू पुसून टाकले आणि वावर उभं केलं: झेंडू, शेवंती, कडेला मिरची. थरथरता हात फुलापर्यंत पोचेना, तर फूलच जरासं हाताकडे झुकेल असं केलं, पण तोडणाऱ्याला ते कळू नये. त्या झुकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज ते झुकणं दूरदूरच्या विद्यापीठांत शिकवतात. यंदा या कामाला मोठा सन्मान मिळाला. माझं नाव त्याच थोर प्राध्यापकांनी सुचवलं होतं. भाषणात मी तुमचं वाक्य आधी वऱ्हाडीतच म्हटलं. अर्थ नंतर सांगितला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

हे पत्र माझ्याच खणात राहणार, म्हणून सांगते. घरी आल्यावर आईला म्हणाले, "त्यात काय एवढं!" पण बाबा, त्या टाळ्या मला फार आवडल्या. थांबूच नयेत असं वाटत होतं.